परक्या नादातून आपली चाल

१८८९ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात जावा बेटावरील गामेलान हा घंटा-थाळ्यांचा वाद्यवृंद ऐकून भारावलेल्या फ्रेंच संगीतकार क्लोद द्यब्युसी यांनी ती वाद्ये उचलली नाहीत. १९०३ साली पियानोसाठी लिहिताना पाच स्वरांची चाल आणि थरावर थर चढवणारी लय तेवढी घेतली. सातपुड्यातील होळीला जाणाऱ्या खान्देशी संगीतकाराने हीच रीत पाळावी. रेकॉर्डर बंद ठेवून रात्रभर ऐकावे, ढोलाचा ठेका मांडीवर धरावा, आणि नाचणाऱ्यांच्या कमरेचे वाळके भोपळे व घुंगरू त्या ठेक्याच्या किंचित आधी खुळखुळतात की नंतर, हे बारकाईने टिपावे. माझ्या मते खरे धन तिथेच आहे. ध्वनिमुद्रण करायचेच असेल, तर आधी परवानगी घ्यावी. घरी आल्यावर स्मरणात उरले तेवढ्यावरच चाल बांधावी आणि ती प्रथम त्या ढोलवाल्यांनाच ऐकवावी.