गाडीत ऑडिओ बसवताना होणाऱ्या चुका आणि त्या टाळण्याचा क्रम

नवा अ‍ॅम्प्लिफायर बसवल्यावर आवाज घुसमटलेला येतो, इंजिनाच्या वेगाबरोबर शिट्टी चढत जाते किंवा सकाळी बॅटरी उतरलेली सापडते, तेव्हा दोष बहुधा यंत्राला दिला जातो. प्रत्यक्षात अशा तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा जोडणीत, म्हणजे वीज बॅटरीपासून यंत्रापर्यंत कोणत्या वाटेने जाते आणि कोणत्या वाटेने परत येते यात असते. म्हणून या कामाचा क्रम स्पीकरपासून नव्हे, तर वायरीपासून धरावा.

पहिली पायरी: हिशेब

खोक्यावर ठळक छापलेला कमाल वॅटचा आकडा हिशेबात धरू नये. अ‍ॅम्प्लिफायर सलग देऊ शकतो तो आरएमएस वॅटचा आकडा पाहावा. समजा तो ५०० वॅट आहे आणि यंत्र ‘डी’ वर्गाचे, म्हणजे साधारण ८० टक्के कार्यक्षमतेचे आहे. मग पूर्ण आवाजात ते सुमारे ६२५ वॅट ओढेल आणि इंजिन चालू असतानाच्या १३.८ व्होल्टला हा प्रवाह सुमारे ४५ अँपिअर होतो. एवढा प्रवाह डिकीपर्यंतच्या पाच मीटर लांबीच्या तांब्याच्या वायरीतून नेताना ८ गेजमध्ये जवळजवळ अर्धा व्होल्ट वाटेतच जातो, तर ४ गेजमध्ये ०.२ व्होल्टहूनही कमी. गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड, हे विसरल्यामुळेही चुकीची खरेदी होते. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त आणि दिसायला तशीच असते. पण अ‍ॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्केच असल्यामुळे ती घ्यायचीच झाली तर अधिक जाड घ्यावी.

दुसरी पायरी: बॅटरी सोडवणे

आधी निगेटिव्ह टर्मिनल सोडवावे आणि काही मिनिटे थांबावे, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत काही काळ विद्युतभार साठून राहतो. पिवळ्या आवरणातील वायरी आणि पिवळे कपलर (वायरी एकमेकींना जोडणारे प्लग) बहुधा याच यंत्रणेचे असतात. त्यांना हात लावू नये. कंपनीची मूळ वायरिंग कापून जोडण्यापेक्षा त्या गाडीसाठी मिळणारा तयार कपलर वापरावा.

तिसरी पायरी: मुख्य वायर आणि फ्यूज

अ‍ॅम्प्लिफायरमध्ये स्वतःचा फ्यूज असतो, म्हणून बॅटरीजवळ वेगळा फ्यूज नको, हा समज सर्वांत धोकादायक आहे. बॅटरीजवळचा फ्यूज यंत्रासाठी नसून वायरीसाठी असतो. पत्र्याला घासून वायरीचे आवरण फाटले तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर सोडू शकते आणि वायर लाल होऊन आग लागू शकते. म्हणून फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत असावा, आणि त्याची क्षमता वायरीला झेपेल त्याहून जास्त नसावी. इंजिनाकडून आत येताना वायर ज्या छिद्रातून जाते तेथे रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या धारेपासून वायरीचे रक्षण करणारी कडी) बसवल्याशिवाय पुढे जाऊ नये. फ्यूज मात्र सर्व जोडण्या तपासून झाल्यावर शेवटी घालावा.

चौथी पायरी: अर्थ

अर्थ म्हणजे यंत्रातला प्रवाह गाडीच्या पत्र्यामार्गे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी जोडणी. माझ्या मते सर्वाधिक हेळसांड येथेच होते. जेवढा प्रवाह मुख्य वायरीतून येतो तेवढाच अर्थमधून परत जातो, तरीही अनेक जण येथे बारीक वायर वापरतात आणि रंग लावलेल्या पत्र्यावरच स्क्रू पिळतात. अर्थची वायर मुख्य वायरीइतकीच जाड आणि शक्यतो ४५ सेंटीमीटरपेक्षा आखूड असावी. पत्र्यावरचा रंग चमकदार धातू दिसेपर्यंत खरवडावा, वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली (क्रिम्प केलेली) गोल धातूची कडी, म्हणजे लग, बोल्टने घट्ट आवळावी आणि नंतर वरून रंग किंवा ग्रीस लावून गंज रोखावा. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी वापरू नये. खात्रीसाठी मल्टीमीटरचे एक टोक अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थ टर्मिनलला आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हला लावून मोठ्या आवाजात डीसी व्होल्ट मोजावेत, ०.१ व्होल्टच्या आसपासचे मोजमाप चांगले, अर्ध्या व्होल्टकडे झुकले तर सांधा पुन्हा करावा.

पाचवी पायरी: संकेताच्या वायरी

स्टिरिओतून आवाजाचा संकेत आणणाऱ्या आरसीए वायरी गाडीच्या एका बाजूने आणि मुख्य वायर दुसऱ्या बाजूने न्यावी. तरीही शिट्टी आलीच तर फिल्टर विकत घेण्याआधी अर्थ पुन्हा तपासावा. स्टिरिओमधून येणारी निळी-पांढरी रिमोट वायर अ‍ॅम्प्लिफायर चालू-बंद करते. ती सोडून रिमोट टर्मिनल थेट बॅटरीला जोडले, तर यंत्र रात्रभर चालू राहून बॅटरी उतरते.

सहावी पायरी: स्पीकर

एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे लागले तर दोन्ही पडदे विरुद्ध दिशांना हलतात आणि खर्ज नाहीसा होतो. कोणते टोक प्लस हे कळत नसेल तर वूफरला (खर्जाच्या स्पीकरला) १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. पडदा बाहेर आला तर सेलचे प्लस जेथे आहे ते टोक प्लस. ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की भार २ ओहम होतो, हे अ‍ॅम्प्लिफायरला चालते का ते पुस्तिकेत आधी पाहावे. दरवाजात पॅनेल बसवण्यापूर्वी काच पूर्ण खाली करून ती चुंबकाला अडत नाही ना, हेही पाहावे.

सातवी पायरी: गेन

गेन हे आवाज वाढवण्याचे बटण नव्हे. स्टिरिओच्या संकेताशी अ‍ॅम्प्लिफायरचे प्रमाण जुळवण्याची ती सोय आहे. तो गरजेपेक्षा वर नेला की ध्वनिलहरीचे माथे कापले जातात आणि स्पीकरची कॉइल तापून जळते. स्पीकर सोडवून, स्टिरिओमधील बास-ट्रेबलचे टोन शून्यावर ठेवून, स्टिरिओचा आवाज तीन-चतुर्थांश करावा आणि सबवूफरसाठी (फक्त खोल खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरसाठी) ५० हर्ट्झचा अखंड सूर लावावा. आरएमएस वॅट आणि ओहम यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढले की अपेक्षित एसी व्होल्ट मिळतात: १०० वॅट आणि ४ ओहमसाठी २० व्होल्ट. गेन शून्यापासून हळूहळू वाढवत मल्टीमीटरवर तो आकडा दिसताच थांबावे. दरवाजातील स्पीकरना सुमारे ८० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर) आणि सबवूफरला तेवढाच लो-पास (त्यावरचे सूर अडवणारा) ठेवून सुरुवात करावी.

अर्धा तास मोठ्या आवाजात वाजवून झाल्यावर यंत्र बंद करावे आणि फ्यूजचे घर, लग व वायर हाताने चाचपावी. जेथे चटका बसेल तो सांधा सैल आहे आणि तो त्याच दिवशी उघडून पुन्हा आवळावा.