लैंगिक शिक्षण देताय? मग निदान या चुका टाळा

‘तिथे’, ‘खाली’, ‘शूची जागा’. मोठी माणसं वयात येणाऱ्या मुलांशी अजून या भाषेत बोलतात, याचा मला आताशा राग येतो. कारण सांगतो.

एका सत्रानंतर एक वडील मागे थांबले होते. त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा रात्री ‘पोटात दुखतंय’ म्हणाला. घरच्यांनी अपचनाचं औषध दिलं. पहाटे उलट्या झाल्या, सकाळी त्याला चालता येईना. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा कळलं, वृषणाला पीळ पडला होता. असा पीळ साधारण सहा तासांच्या आत सोडवला तर वृषण बहुतेकदा वाचतं. या मुलाचं काढावं लागलं. दुखतंय कुठे हे त्याला रात्रीच नेमकं कळत होतं, पण त्या जागेचं नाव घरात कुणी कधी उच्चारलंच नव्हतं. म्हणून त्याने पोट सांगितलं.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. आल्या आल्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिंग, वृषण, योनी, गर्भाशय लिहायचं आणि सगळ्यांकडून तीनदा मोठ्याने वाचून घ्यायचं. पहिल्यांदा खसखस पिकते, ती पिकू द्यावी. तिसऱ्या वेळेपर्यंत शब्द इतिहासातल्या सनावळीइतके रुक्ष होतात. मला तेच हवं असतं.

शब्दांवरून आठवलं, ‘स्वप्नदोष’ म्हणू नका. झोपेत वीर्य बाहेर पडणं ही या वयातली साधी गोष्ट. नावातच दोष ठेवल्यावर पोरगं भोंदू वैद्याची जाहिरात शोधणारच.

उशीर करू नका. मुलींमध्ये बदल 8 ते 13 आणि मुलांमध्ये 9 ते 14 या वयात सुरू होतात; पाळी येऊन दोन वर्षं झालेल्या मुलीला ‘पाळी म्हणजे काय’ शिकवून ती फक्त जांभया देते. पहिली काही वर्षं चक्र 21 ते 45 दिवस असं मागेपुढे होऊ शकतं, हे मात्र तिला कुणी सांगितलेलं नसतं.

मुलींना हॉलमध्ये, मुलांना मैदानावर? नको. पाळीबद्दल मुलग्यांनाही कळू द्या.

पुढची चूक माझी स्वतःची. सुरुवातीला मी लैंगिक आजारांचे भयंकर फोटो दाखवायचो. वर्ग चिडीचूप व्हायचा आणि मला वाटायचं, पोचलं. काही वर्षांनी त्यातलाच एक जण भेटला, तेव्हा कॉलेज संपवून नोकरीला लागला होता. जोडीदाराला क्लॅमिडिया (लैंगिक संबंधांतून पसरणारा एक संसर्ग) निघाला, म्हणून याने तपासणी केली आणि यालाही निघाला. ‘पण सर, मला तर फोटोतल्यासारखं काहीच झालं नव्हतं!’ बरोबरच होतं त्याचं. क्लॅमिडियात बहुतेकांना काहीच त्रास जाणवत नाही. एचआयव्हीचा संसर्गही वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. मी शिकवलेली भीती त्याने अगदी नीट पाठ केली होती. जखम नाही म्हणजे आजार नाही! फोटो त्याच आठवड्यात काढून टाकले. आता एवढंच सांगतो, की धोका पत्करला असेल तर त्रास होण्याची वाट न बघता तपासणी करायची.

गर्भनिरोधनावर बोलताना अर्धवट बोलू नका. कंडोम महिनोन्‌महिने पाकिटात ठेवायचा नाही, लॅटेक्सच्या कंडोमला तेल किंवा व्हॅसलीन लावायचं नाही, तारीख बघायची. संबंधांनंतर गर्भ राहू नये म्हणून घ्यायची तातडीची गोळी जितकी लवकर घ्याल तितकी बरी. ती नेहमीचा उपाय नाही, आणि संसर्ग तर ती अजिबात रोखत नाही.

नव्या कार्यकर्त्यांना मात्र सगळं चाळीस मिनिटांत उरकायचं असतं. ‘सर, तुमची पीपीटी पाठवा ना.’ साठ स्लाइड पळवायच्या आणि शेवटी विचारायचं, ‘काही शंका? हात वर करा.’ कोण करणार हात वर? प्रत्येकाला चिठ्ठी द्या आणि प्रत्येकाकडून परत घ्या. प्रश्न नसेल त्याने ‘नाही’ लिहायचं, म्हणजे लिहिताना कोण दिसलं हा प्रश्नच उरत नाही. निम्मा वेळ या चिठ्ठ्यांसाठी ठेवा. उत्तर येत नसेल तर ‘पुढच्या वेळी सांगतो’ म्हणा, आणि पुढच्या वेळी खरंच जा.