विंडो स्क्रीनबाहेर गेली, तर सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकू नका

नागपूरच्या मिहानमध्ये डेस्कटॉप सपोर्टला लागा, नाहीतर इतवारी-गांधीबागेतल्या दुकानांचे कॉम्प्युटर सांभाळा, ही तक्रार लवकरच येते: "खाली टास्कबारवर दिसते, क्लिक केलं तर काहीच उघडत नाही." बहुतेक वेळा सॉफ्टवेअर उघडलेलंच असतं, फक्त स्क्रीनच्या हद्दीबाहेर. त्याला व्हायरस म्हणून मोकळं होऊ नका.

विंडोजच्या हिशेबात मुख्य स्क्रीनचा वरचा डावा कोपरा म्हणजे शून्य, शून्य. स्क्रीन १९२० बाय १०८० असेल तर उजवीकडचा दुसरा मॉनिटर १९२० पासून सुरू होतो आणि डावीकडचा उणे आकड्यांत जातो. बरीच सॉफ्टवेअरं बंद होताना आपली जागा लिहून ठेवतात. लॅपटॉप मॉनिटरवरून काढून घरी नेला की ती जागाच उरत नाही. एकाच स्क्रीनच्या दुकानातही हे होतं. मिनिमाइझ केलेली विंडो विंडोज उणे ३२००० वर नेऊन ठेवतं, आणि काही सॉफ्टवेअरं त्याच अवस्थेत बंद केली की तोच आकडा लिहून ठेवतात. ही नोंद रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) किंवा युजरच्या फोल्डरमध्ये असते. सॉफ्टवेअर काढलं तरी ती अनेकदा मागे राहते, म्हणून पुन्हा टाकूनही विंडो बाहेरच उघडते आणि अर्धा दिवस फुकट जातो.

उपाय असा. टास्कबारवर त्या सॉफ्टवेअरवर क्लिक करून ते पुढे आणा. ऑल्ट आणि स्पेसबार एकत्र दाबा, विंडोचा मेनू उघडेल, मग एम, म्हणजे मूव्ह. आता थांबा, कारण नवा माणूस नेमका इथेच फसतो. माउसला हात लावायच्या आधी कीबोर्डवरचा कोणताही एक बाण एकदा दाबा. बाण दाबला की विंडो माउसला चिकटते. मग माउस हलवून ती आत आणा आणि क्लिक करा. बाण न दाबता माउस हलवून क्लिक केलं तर मूव्ह रद्द होतं, विंडो तिथेच राहते, आणि "ही युक्ती चालत नाही" असं वाटतं. चालते. क्रम तेवढा पाळा.

मूव्ह फिकट दिसत असेल तर विंडो मॅक्सिमाइझ किंवा मिनिमाइझ आहे. आधी रिस्टोअर करा. ऑल्ट-स्पेसने भलतंच काही उघडलं तर दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरने ती जोडी घेतली आहे. मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज रन हे सॉफ्टवेअर शोधून उघडायचं टूल मूळ सेटिंगमध्ये तीच वापरतं. मग शिफ्ट धरून टास्कबारवरच्या आयकॉनवर राइट क्लिक करा, तोच मेनू मिळेल. रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे दुरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर काम करत असाल, तर ऑल्ट-स्पेसऐवजी ऑल्ट-डिलीट दाबा.

विंडोज की, शिफ्ट आणि डावा-उजवा बाण ही जोडी विंडो एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर टाकते. दोन मॉनिटर जोडलेले असताना उत्तम, एकच असेल तर उपयोग नाही. नुसतं मॅक्सिमाइझ करून काम भागवणं मला पटत नाही: रिस्टोअर केलं की विंडो पुन्हा बाहेर.

सगळ्यात धोक्याची गोष्ट वेगळीच आहे. कधी मुख्य विंडो समोर दिसते, पण क्लिक घेत नाही, नुसता टिंग आवाज येतो. तिथे सॉफ्टवेअर अडकलेलं नसतं, "सेव्ह करायचं का?" असा छोटा डायलॉग बाहेर कुठेतरी उत्तराची वाट बघत असतो. "टास्क मॅनेजरमधून मारून टाक" असा सल्ला देणारे सीनियर भेटतील. ऐकू नका, सेव्ह न केलेल्या नोंदी जातात. एंटरही दाबू नका, न दिसणाऱ्या प्रश्नाला हो म्हटल्यासारखं होईल. ऑल्ट-स्पेस, एम, बाण, माउस असं करून तो डायलॉग आत आणा आणि वाचा. येतच नसेल तर एस्केप. बहुतेक डायलॉग त्याने रद्द होतात.

ग्राहक मागे उभा असला की हात गडबडतो. घाबरू नका, विंडो बाहेर गेल्याने डेटाला काही होत नाही.

विंडो आत आली की ती मध्यभागी ठेवा, मॅक्सिमाइझ न करता सॉफ्टवेअर नीट बंद करा, म्हणजे नवी जागा लिहिली जाईल. मग पुन्हा उघडून बघा. तरीही बाहेरच उघडली तर सॉफ्टवेअर बंद करून त्याची सेटिंगची फाइल शोधा आणि डिलीट न करता तिचं नाव बदला. जागेचा आकडा त्याच फाइलमध्ये असेल तर पुढच्या वेळी विंडो मूळ जागी उघडेल.