एकाच लाइनवर दोन-तीन व्हिडिओ: प्लेअर कसा ट्यून कराल

व्हिडिओ प्लेअर ट्यून करणं हे माझं रोजचं काम. त्यात एक तक्रार सतत येते: ‘नेटचा स्पीड चांगला आहे, तरी चित्र सारखं स्पष्ट-धूसर होतं.’ मी आधी एकच विचारते, त्याच वायफायवर आणखी कोण बघतंय?

गडबड कुठे होते ते आकड्यांत बघू. लाइन १० एमबीपीएसची. दोन प्लेअर, दोन्ही ३ एमबीपीएसच्या दर्जावर, सेगमेंट (व्हिडिओचा एका वेळी मागवला जाणारा तुकडा) ४ सेकंदांचा, म्हणजे १२ मेगाबिटचा. बफर (आधीच उतरवून ठेवलेला व्हिडिओ) भरला की प्लेअर दर चार सेकंदांनी एकच सेगमेंट मागतो आणि मधल्या वेळात गप्प बसतो. दुसरा नेमका तेव्हा मागायला आला, तर त्याला अख्खी लाइन मोकळी मिळते. सेगमेंट १.२ सेकंदांत उतरतो आणि त्याला वाटतं, आपल्या वाट्याला १० एमबीपीएस आहेत. पहिल्याचाही तोच समज. प्लेअर मोजलेल्या वेगावरून दर्जा ठरवतो, म्हणून दोघंही ६ एमबीपीएसच्या दर्जावर चढतात. मागणी १२ ची, लाइन १० ची. बफर आटतो, दोघं खाली येतात आणि खाली येताच पुन्हा लाइन मोकळी दिसू लागते. हा झोपाळा थांबवायचा आहे.

त्यासाठी तो आधी आपल्या टेबलावर दिसला पाहिजे. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधलं थ्रॉटलिंग (वेग मुद्दाम कमी करणं) इथे उपयोगाचं नाही. तिथे प्रत्येक टॅबला स्वतंत्र मर्यादा लागते, त्यामुळे दोन टॅबची एकमेकांशी स्पर्धाच होत नाही. मध्ये एक लिनक्स मशीन ठेवा, ‘टीसी’ (ट्रॅफिक कंट्रोल) कमांडने लाइन १० एमबीपीएसवर बांधा आणि तिच्यामागे दोन प्लेअर चालवा. जोडीला एक मोठी फाइल डाउनलोडला लावा. ही तिसरी गोष्ट टाळू नका. डाउनलोड अखंड चालतं आणि प्लेअर थांबत थांबत मागतो. थोडा वेळ गप्प राहिलं की टीसीपी (नेटवरून डेटा पोचवण्याची पद्धत) पुन्हा हळू सुरुवात करतं, म्हणून मोजलेला वेग कमी येतो. प्लेअर लहान सेगमेंट निवडतो, लहान सेगमेंटमध्ये वेग पकडायला आणखी कमी वेळ मिळतो, आणि दर्जा घसरतच जातो. सर्व्हर लिनक्सचा आणि तुमच्याच ताब्यातला असेल तर ‘टीसीपी स्लो स्टार्ट आफ्टर आयडल’ ही सेटिंग बंद करून फरक बघा.

आता प्लेअरकडे. वेगाची साधी सरासरी घेऊ नका, हरात्मक मध्य (मापांच्या व्यस्तांच्या सरासरीचा व्यस्त) घ्या. शेवटची मापं २, २ आणि १० असतील तर साधी सरासरी ४.७ च्या आसपास येते, हरात्मक मध्य २.७. एका मोकळ्या क्षणाने तो फुगत नाही. दोन सेगमेंटमधली वाट थोडी रँडम ठेवा, म्हणजे प्लेअर एकाच तालात अडकत नाहीत. चढताना एकच पायरी चढा, तीही काही सेगमेंट सलग नीट उतरल्यावर. उतरताना मात्र थांबू नका. चित्र अडकण्यापेक्षा थोडं धूसर झालेलं प्रेक्षक सहन करतो, असं माझं ठाम मत आहे.

बफर भरलेला असताना वेगापेक्षा बफरकडे बघून निर्णय घेणं मला जास्त भरवशाचं वाटतं. २०१६ साली मांडलेला ‘बोला’ अल्गोरिदम हेच करतो, आणि डॅश डॉट जेएस या प्लेअर लायब्ररीत तो तयार मिळतो.

सर्वांत स्वस्त उपाय बहुतेक जण विसरतात: छोट्या खिडकीत चालणाऱ्या व्हिडिओला १०८०पी देऊ नका. एचएलएस डॉट जेएस या दुसऱ्या प्लेअर लायब्ररीत ‘कॅप लेव्हल टू प्लेअर साइझ’ चालू करा. वाचलेली बँडविड्थ शेजारच्या स्क्रीनला मिळते.

राउटरही हाताशी असेल तर त्यात एफक्यू-कोडेल किंवा केक (डेटाची रांग आटोक्यात ठेवणाऱ्या पद्धती) लावा आणि मर्यादा लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडी खाली ठेवा, नाहीतर रांग मोडेममध्येच साचत राहते.

बदल तपासताना प्रत्येक स्क्रीनचं अडकणं, सुरू व्हायला लागलेला वेळ आणि दर्जा बदलण्याची संख्या वेगवेगळी नोंदवा. दोन्ही स्क्रीनची मिळून सरासरी काढलीत, तर एकीवर सतत अडकणारा व्हिडिओ दुसरीच्या चांगल्या आकड्यांत लपून जाईल.