चकलीचा भाव सारखा टाइप करू नका

दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेताना ‘चकली काय किलो?’, ‘घरपोच मिळेल का?’ यांनाच उत्तरं देत अंगठा दुखतो. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये (व्यवसायासाठीचं वेगळं व्हॉट्सॲप) यावर सोय आहे, आणि फुकट आहे.

१. ‘बिझनेस टूल्स’मध्ये ‘क्विक रिप्लाय’ उघडा.
२. पूर्ण उत्तर एकदाच नीट लिहा: भाव, किमान ऑर्डर, किती दिवस आधी सांगायचं ते.
३. शॉर्टकटला ‘भाव’, ‘पत्ता’ असं छोटं नाव द्या.

मग चॅटमध्ये तिरकी रेघ (/) टाकली की साठवलेल्या उत्तरांची यादी समोर येते; हवं ते निवडून पाठवा. ‘लिंक्ड डिव्हायसेस’मधून लॅपटॉप जोडलात तर कीबोर्डवर काम आणखी झपाट्याने उरकतं.

तेला-डाळीचे दर वाढून भाव बदललात की आधी तो रिप्लाय बदला, नाहीतर गिऱ्हाईक जुनाच मेसेज दाखवेल.