इंदूरच्या अंगणात रसभरी: बी धरण्यापासून मेथांब्यापर्यंत

नर्सरीत 'गूजबेरी' मागितली की कोणी आवळ्याचं कलम पुढे करतं, कोणी रायआवळ्याचं. 'रसभरी' म्हटलं तर रास्पबेरीचं काटेरी रोपही हाती पडू शकतं, कारण हिंदीत दोघींना एकच नाव आहे. युरोपातली मूळ गूजबेरी लांब, कडक थंडीवर पोसलेली. माळव्यात तिच्या नादी लागू नये. इथे सांगायची आहे ती कागदी आवरणातली, सोनेरी, आंबटगोड रसभरी. ही टोमॅटो-वांग्याच्या कुळातली, मूळची पेरूकडच्या अँडीज डोंगरातली. आफ्रिकेच्या केप ऑफ गुड होपला तिची लागवड झाली, म्हणून इंग्रजीत 'केप गूजबेरी'. इंदूरचा हिवाळा तिला मानवतो. अडचण आहे ती इथल्या काळ्या मातीची आणि आपल्या घाईची.

बी धरणं

रोपासाठी नर्सरीत फिरायची गरजच नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये हातगाडीवरून पाव किलो रसभरी घ्या आणि त्यातली चार पूर्ण पिकलेली, नारिंगी, न फुटलेली फळं बियांसाठी बाजूला काढा. वाटीभर पाण्यात ती कुस्करा. भरलेलं बी तळाशी बसतं, गर आणि पोचट बी वर येतं. वरचं ओतून द्या, पुन्हा पाणी घाला. दोन-तीनदा केलं की बी स्वच्छ होतं. मग चहाच्या गाळणीतून काढून ताटलीवर सावलीत तीन-चार दिवस वाळवा. कागदावर वाळवू नका, चिकटून बसतं आणि सोडवताना मोडतं. कागदाच्या पुडीत चिमूटभर राखेबरोबर ठेवलं की जूनपर्यंत चांगलं राहतं. एका फळात शंभराहून जास्त बिया असतात, त्यामुळे चार फळांत शेजाऱ्यांचीही सोय होते.

पेरणी: जूनअखेर ते जुलैचा पहिला पंधरवडा

बी हातात आलं की लगेच पेरण्याचा मोह होतो. पण मार्चमध्ये पेरलेलं रोप फुलावर येईपर्यंत ऊन चाळिशी गाठतं आणि फूल धरत नाही, गळून जातं. पावसाळ्याच्या तोंडावर पेरलं तर फुलं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात आणि माळव्याच्या गार रात्रींत फळ भरतं.

चार इंच खोल ट्रेमध्ये निम्मी माती, निम्मं चाळलेलं शेणखत भरा. बी पसरा आणि वर खताचा जेमतेम झाकण्याइतका थर भुरभुरा. बी मोहरीपेक्षाही लहान असतं, खोल गेलं तर वर येत नाही. पाणी झारीने किंवा फवाऱ्यानेच द्यायचं. ट्रे पन्हळीखाली किंवा छताच्या कडेला मुळीच ठेवू नका. एका सरीत सगळं बी वाहून जातं. उगवायला १० ते १५ दिवस लागतात.

याच वयात रोपं बुंध्याशी काळी पडून आडवी होतात. दाट पेरणी आणि सतत ओलं, ही त्याची दोन कारणं. दोन पानं फुटली की विरळणी करून रोपांत दोन बोटांचं अंतर ठेवा आणि वरची माती सुकल्याशिवाय पाणी देऊ नका.

काळ्या मातीत लावताना

इंदूरच्या अंगणातली काळी माती पाणी धरून ठेवते आणि उन्हात भेगाळते. रसभरीची मुळं दोन दिवस पाण्यात राहिली तरी कुजू लागतात. वरून झाड पाण्यासाठी माना टाकल्यासारखं दिसतं, आपण आणखी पाणी घालतो आणि झाड जातं. म्हणून सपाट वाफ्यात लावू नका. नऊ इंच ते फूटभर उंच गादीवाफा करा, त्यात दोन पाट्या मातीला एक पाटी शेणखत आणि एक पाटी नर्मदेची भरड वाळू मिसळा. ओल्या कचऱ्याचं घरचं खत असेल तर तेही चालेल, पण पूर्ण कुजलेलं, मातीसारखा वास येणारं हवं.

ऑगस्टच्या मध्याला रोप वीतभर उंच झालं की लावणी करा. खालची दोन पानं खुडून देठ तिथपर्यंत मातीत पुरायचा. टोमॅटोसारखी या देठालाही मुळं फुटतात. दोन रोपांत अडीच फूट अंतर ठेवा. झाड कमरेइतकं होतं आणि आडवं पसरतं, म्हणून लावतानाच शेजारी बांबूची काठी रोवा. नंतर रोवली तर मुळं तुटतात. गच्चीत लावायचं असेल तर एका कुंडीत एकच झाड, कुंडी १४ इंचांची, तळाला भोकं मोकळी.

गेल्या वर्षी जिथे टोमॅटो, वांगी किंवा मिरची होती तिथे रसभरी लावू नये. रोग आणि मुळांच्या गाठी करणारे सूत्रकृमी या सगळ्यांचे एकच.

खत, पाणी, थंडी

महिन्याला झाडामागे एक मूठ गांडूळखत पुरे. युरिया किंवा ताजं शेण घातलं की झाड पानांनी भरतं आणि फुलं हटतात. फूल पिवळं असतं, आत पाच जांभळट-तपकिरी ठिपके. गच्चीवर मधमाश्या कमी असतील तर सकाळी फांद्या हलकेच हलवा, फूल आपल्याच परागाने फळतं.

कोवळ्या पानांखाली मावा किंवा पांढरी माशी दिसली तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणपाणी घालून संध्याकाळी फवारा. आवरणाला भोक दिसलं तर आत अळी आहे; ते फळ लगेच तोडून नष्ट करा.

हिवाळ्यात दोन-तीन दिवसांआड पाणी पुरतं. फळं पिकताना एकदम भरपूर दिलं तर ती तडकतात. मावठा पडला तरी हेच होतं, त्यावर उपाय नाही. जानेवारीत एखादी रात्र फार गारठ्याची निघते. इथे त्याला 'पाला पडणं' म्हणतात आणि त्यात रसभरीचा खरा पाला जळून काळा पडतो. अशा संध्याकाळी बुंध्याशी थोडं पाणी द्या, काठ्यांवर जुनी साडी टाका आणि सकाळी ऊन आलं की काढा.

तोडायचं नाही, वेचायचं

फुलापासून फळ पिकायला दोन-अडीच महिने लागतात. आवरण हिरवं असेतो हात लावू नका. पिकलेलं फळ आवरणासकट आपोआप खाली पडतं, म्हणून झाडाखाली गोणपाट अंथरून रोज सकाळी वेचा. आवरण वाळून फिकट झालेलं आणि आतलं फळ सोनेरी-नारिंगी असेल तरच खायचं. हिरवी फळं, पानं आणि ते कागदी आवरण विषारी आहेत. मुलांना आवरण फुग्यासारखं फोडायला फार आवडतं, तेव्हा हे त्यांना नीट सांगा.

आवरणासकट, न धुता, टोपलीत पसरून ठेवलेली कोरडी फळं दोन-तीन आठवडे सहज टिकतात. आवरण खाण्याच्या वेळीच काढा. आत फळावर चिकटसर थर असतो, तो कोमट पाण्याने जातो.

खायची कशी

पहिली फळं तशीच खावीत. अर्धी चिरून वर जीरावन, म्हणजे पोह्यांवर घालतात तो इंदुरी मसाला, भुरभुरलं की बाकी काही लागत नाही. पोह्यांवर लिंबाऐवजीही छान लागतात. कोशिंबिरीत काकडी, दाण्याचं कूट आणि मूठभर रसभरी असेल तर साखर घालू नका.

मेथांबा मात्र करून पाहायलाच हवा. पाव किलो फळं अर्धी चिरून घ्या. अख्खी टाकली तर कढईत फुटून अंगावर उडतात. दोन चमचे तेलात अर्धा चमचा मोहरी, पाव चमचा मेथी, हिंग, हळद. मेथी लालसर होताच फळं टाका, काळी पडली तर सगळं कडू होतं. पाच मिनिटं झाकून शिजवा, मग १०० ग्रॅम गूळ, एक चमचा तिखट आणि मीठ घालून आणखी पाच मिनिटं. फ्रिजमध्ये दहा-बारा दिवस राहतो.

जॅमसाठी अर्धा किलो फळांना ३०० ग्रॅम साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस. आधी फळं पाव वाटी पाण्यात मऊ शिजवा, साखर नंतर. आधी घातली तर सालं चिवट राहतात. फळात पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा घटक, भरपूर असतं, वेगळं काही घालावं लागत नाही. गार बशीवर थेंब टाकून बोटाने सारला आणि त्यावर सुरकुती पडली की गॅस बंद करा.

मार्चअखेर फळं संपली की झाड उपटू नका. वीतभर ठेवून छाटा, कुंडी सावलीत सरकवा आणि आठवड्यातून दोनदा पाणी द्या. उन्हाळा काढला तर पावसात त्याच खोडाला फुटवे येतात.