वस्तीची आकडेवारी वापरताय? या चुका टाळा

वस्तीची माहिती गोळा करायला निघालेले बरेच गट कामाची सुरुवात उलट्या टोकाने करतात. आधी प्रश्नावली बनते, सुचेल ते त्यात घातलं जातं, आणि अर्जांचे गठ्ठे जमल्यावर प्रश्न पडतो की आता यांचं करायचं काय. सुरुवात निर्णयापासून करा. येत्या वर्षात कोणता निर्णय व्हायचा आहे, तो कोण घेणार आणि कोणती माहिती पुढे आली तर तो बदलू शकतो, हे एका कागदावर लिहून काढा. ते लिहिता येत नसेल तर पाहणी थांबवा. उत्तर काहीही आलं तरी निर्णय तोच राहणार असेल, तर तो प्रश्न विचारून लोकांचा वेळ घेण्याचा आपल्याला अधिकार नाही.

तक्रारी मोजल्या म्हणजे अडचणी मोजल्या, असं समजणं

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक ही. तक्रारींच्या नोंदीतून कळतं ते इतकंच, की तक्रार कोण करतं. ज्यांच्या हातात फोन आहे, ज्यांना अर्जाची भाषा येते, पूर्वी तक्रार केल्यावर काहीतरी हाललं असा ज्यांचा अनुभव आहे, तेच पुन्हा तक्रार करतात. वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहिलेल्या गल्लीतली माणसं गप्प बसतात आणि कागदावर ती गल्ली ठणठणीत दिसते. मग निधी पुन्हा बोलक्या भागाकडेच जातो.

बॉस्टन शहरात ‘स्ट्रीट बंप’ नावाचं ॲप तयार झालं. गाडीत फोन ठेवला की बसणाऱ्या हादऱ्यांवरून रस्त्यातले खड्डे आपोआप नोंदले जात. कल्पना उत्तम होती. पण गरीब आणि वयस्कर लोकांच्या भागात स्मार्टफोन कमी, म्हणजे तिथले खड्डे नोंदीतून निसटण्याची भीती. ते ओळखून ॲप आधी शहरभर फिरणाऱ्या रस्ते-निरीक्षकांच्या हाती दिलं गेलं.

आपल्याकडची नोंद अशीच एकांगी वाटत असेल तर काही गल्ल्या चिठ्ठ्या टाकून निवडा, तिथे पायी जा आणि सगळीकडे एकाच यादीप्रमाणे मोजा. हे निष्कर्ष तक्रारींच्या नकाशाशेजारी ठेवा. दोन्ही जिथे जुळत नाहीत, तिथे आधी लक्ष द्या. आणखी एक: नकाशावर ‘शून्य’ आणि ‘माहिती नाही’ यांना कधीही एकच रंग देऊ नका. नैरोबीतली किबेरा ही प्रचंड दाटीची वस्ती 2009 पर्यंत ऑनलाइन नकाशांवर जवळपास कोरी होती. शाळा, दवाखाने, पाण्याच्या जागा, शौचालयं सगळं तिथे होतं. त्या वर्षी तिथल्याच तरुणांनी ते नकाशावर आणायला घेतलं.

लहान संख्येवरून मोठा निष्कर्ष काढणं

गेल्या वर्षी चौकात दोन अपघात झाले, यंदा चार. ‘अपघातांत 100 टक्के वाढ’ हे वाक्य गणिताने बरोबर आहे, तरी दिशाभूल करणारं आहे. अमेरिकेत मूत्रपिंडाच्या कर्करोगाचं प्रमाण सर्वांत कमी कुठे, हे पाहिलं तेव्हा विरळ लोकवस्तीच्या ग्रामीण काउंटी (आपल्या जिल्ह्यांसारखे भाग) पुढे आल्या. स्वच्छ हवेला श्रेय देण्याचा मोह कुणालाही होईल. पण सर्वांत जास्त प्रमाणाच्या यादीतही तशाच विरळ काउंटी होत्या! लोकसंख्या थोडी असली की एका रुग्णानेही दर वर किंवा खाली उडी मारतो.

म्हणून टक्केवारीशेजारी मूळ संख्या लिहा. तीन ते पाच वर्षांचे आकडे एकत्र करा. एकाच वर्षाच्या चढउतारावर खर्चिक निर्णय घेऊ नका. उत्पन्नासारख्या बाबतीत सरासरीबरोबर मध्यकही (सगळे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधला येतो तो) द्या, कारण चार श्रीमंत घरं अख्ख्या वस्तीची सरासरी फुगवू शकतात.

वस्तीचा आकडा माणसाला चिकटवणं

समाजशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी 1950 मध्ये अमेरिकेच्या 1930 च्या जनगणनेवरून दाखवलेली गोष्ट आजही अनेकांना चकवते. परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण जिथे जास्त, त्या राज्यांत निरक्षरता कमी होती. व्यक्तीव्यक्तीचा हिशोब मांडला तर मात्र परदेशात जन्मलेल्यांतच निरक्षरता थोडी जास्त निघाली. स्थलांतरित अधिक साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते, इतकंच. ‘या भागात गुन्हे जास्त’ यावरून तिथल्या कुणाबद्दलही काही ठरवणं तर चुकीचं आहेच, शिवाय अन्यायाचंही आहे.

नाव काढलं की ओळख पुसली, असं मानणं

संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी 2000 साली मांडलेल्या अंदाजानुसार पिनकोडसारखा पाच अंकी टपाल क्रमांक, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून अमेरिकेतले 87 टक्के लोक नेमके कोण, हे ओळखता येण्यासारखं होतं. वस्ती तर अशा टपाल क्रमांकाच्या भागाहूनही लहान असते. जन्मतारखेऐवजी वयोगट घ्या, एक-दोन घरांपुरते आकडे जाहीर करू नका आणि गरज नसलेली माहिती मुळात विचारूच नका.

निष्कर्ष वस्तीला न दाखवता वर पाठवणं

1854 मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या कॉलऱ्याचा माग डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यूंच्या नोंदींवरून पाण्याच्या पंपापर्यंत नेला, हे बहुतेकांना ठाऊक असतं. हेन्री व्हाइटहेड यांचं नाव मागे राहतं. ते तिथले धर्मोपदेशक, रहिवाशांना जवळून ओळखणारे. स्नो यांचं म्हणणं त्यांना पटलं नव्हतं आणि ते खोडून काढायलाच ते घरोघर चौकशी करत फिरले. त्या चौकशीतून उलट पंपाविरुद्धचा पुरावा पक्का झाला, आणि पंपालगतच्या घरातल्या एका आजारी बाळापर्यंत साथीचा धागा पोहोचला. निव्वळ नोंदींतून हे सापडलं नसतं.

तेव्हा मसुदा कच्चा असतानाच बैठक घ्या, लोकांना सोयीच्या वेळी आणि त्यांच्या भाषेत. प्रत्येक आकड्यापाशी थांबून विचारा, हा तुम्हाला पटतो का? पटत नसेल तर कुठे खटकतो? सगळ्यात जास्त हरकत घेणाऱ्याला फेरतपासणीत सोबत घ्या. काय बदललं आणि कशामुळे, ते अहवालातच लिहा. मगच तो निर्णय घेणाऱ्यांकडे पाठवा आणि त्याच दिवशी एक प्रत वस्तीत सगळ्यांना वाचता येईल अशा ठिकाणी लावा.